कोरडा टॉवेल

टॉवेल कोरडा होता, हे रिम्माच्या डोक्यातून काही जाईना.

काल पाहुणे जहाजावर परतले आणि तिनं टेबल आवरायला घेतलं, तेव्हा झाखारच्या खुर्चीवर तो तसाच पडलेला होता. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. तिनं तो नाकाशी धरला. नुसता साबणाचा वास. दारूचा वास आला असता तर तिला हायसं वाटलं असतं, आणि आपल्याला असं वाटावं याचीच तिला किळस आली.

झाखार येफिमिच तिचा शेजारी. वोल्गेवर माल ओढणाऱ्या बोटींच्या इंजिनांत त्याची हयात गेली. आता तो काचघरात टोमॅटो लावायचा, गल्लीतल्यांचे पंप दुरुस्त करायचा आणि पुदिन्याचा चहा प्यायचा. चहाच. एके काळी तो इतका ढोसायचा की त्याची बायको लीडा दवाखान्यात वारली, त्या दिवशी त्याला धक्क्यावरून उचलून आणावं लागलं होतं. ती गेली म्हणजे काय झालं, हे समजायलाच त्याला संध्याकाळ झाली. त्यानंतर तो थेंबाला शिवला नाही. लग्न असो, नवं वर्ष असो, तो आपला बेरीच्या सरबताचा पेला घेऊन कोपऱ्यात. लोक चिडवायचे, "झाखार, बाळाला दूध आणू का?" तो म्हणायचा, "आण. साय काढू नकोस मात्र."

घरी जेवण घालायची कल्पना रिम्माच्या मुलाची, ग्लेबची. गावातली तागाची गिरणी बंद पडल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं, आणि उन्हाळाभर धक्क्याला परदेशी पाहुण्यांची जहाजं लागत होती. सहल कंपनीला 'खरंखुरं रशियन घर' हवं होतं. रिम्मानं आनंदानं होकार दिला. ती शाळेत भूगोल शिकवायची. लोक येतील, चार गोष्टी विचारतील, चार सांगतील, असं तिला वाटलं होतं. कोबीचं सारण भरलेल्या पिरोगी भाजल्या, खारवलेले मश्रूम काढले, सासूच्या हातचे भरतकामाचे टॉवेल मांडले.

पहिल्याच दिवशी एका बाईनं विचारलं, "थंडीत तुम्ही अस्वलं कुठे ठेवता?"

पिरोगी खायला आलेला झाखार गंभीरपणे म्हणाला, "माळ्यावर. पण सासूबाईंशी पटत नाही त्यांचं."

कंपनीच्या स्नेझानानं भाषांतर केलं ते फक्त 'माळ्यावर' एवढंच. बाईनं मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं. मागच्या दारी रिम्मा आणि झाखार पोट धरधरून हसले. ते शेवटचं हसणं.

कारण दोन-तीन जेवणांनंतर स्नेझानानं तोंड वाकडं केलं. "रिम्मा सेर्गेयेव्ना, जेवण छान आहे हो. पण कुणी पीत नाही, गात नाही, रडत नाही. असं शांत जेवण त्यांना त्यांच्या घरीही मिळतं."

रिम्माला शाळेतला आपलाच तक्ता आठवला. हॉलंड म्हणजे ट्यूलिप, स्वित्झर्लंड म्हणजे घड्याळं. मुलांना पाठ व्हायला सोपं जायचं. तशीच जगानं आपल्यासाठीही एक ओळ ठेवलेली होती, आणि त्या ओळीत चहा पिणारा झाखार बसत नव्हता.

ग्लेब त्याच्याकडेच गेला. "काका, नुसतं पाणी प्यायचं. कान झाकणारी फरची टोपी घालायची, पेला एका दमात रिकामा करायचा आणि टेबलावर आपटायचा. झालं."

"जुलैत फरची टोपी?"

"त्यांना कुठे कळतंय?"

"त्यांना नाही कळत रे. माझ्या डोक्याला कळतं." पण तो तयार झाला. बाप गेल्यावर ग्लेबला वल्हं मारायला त्यानंच शिकवलं होतं. त्या पोराला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. मग दर जहाजाला तो टोपीखाली घामानं निथळत बसायचा, पाणी प्यायचा, पेला आपटायचा. पाहुणे टाळ्या पिटायचे. रिम्मा स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची, म्हणजे टाळ्या कमी ऐकू यायच्या.

एका धिप्पाड डच पाहुण्यानं गंमत म्हणून झाखारचा पेला हिसकावून तोंडाला लावला. पाणी! तो असा संतापला, जणू कुणी त्याच्या खिशात हात घातला होता. कंपनीकडे तक्रार गेली: घर बनावट, माणूस बनावट.

"आई, लोक रशिया बघायला येतात, नळाचं पाणी बघायला नाही," ग्लेब म्हणाला.

"झाखार काय खोटा आहे? तोही रशियाच आहे ना?"

"असेल. पण तो कुणाला बघायचाय?"

बघायचा होता, निदान एकीला. एक म्हातारी नॉर्वेजियन बाई जेवणानंतर टेबलावरून उठून त्याच्या मागोमाग काचघरात शिरली होती आणि झाखारशेजारी पालथ्या बादलीवर बसून मीठ लावलेला टोमॅटो खात राहिली होती. दोघांना एकमेकांचं एक अक्षरही कळत नव्हतं. जाताना ती स्नेझानाला म्हणाली, खरा माणूस तर काचेच्या घरात आहे. स्नेझानानं हे हसत हसत सांगितलं आणि विसरूनही गेली.

त्यानंतर पेल्यात खरी व्होडका आली. झाखारनंच तोड काढली. घोट तोंडात धरायचा, टॉवेलानं तोंड पुसायचं नाटक करायचं आणि त्यातच थुंकायचं. सासूबाईंचे ते शुभ्र टॉवेल लाळेनं आणि दारूनं ओले होऊन यायचे. रिम्मा ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बादलीत टाकायची. त्याच वासानं तिचं लग्न संपलं होतं. नवरा, कोस्त्या, पिऊन बर्फावर झोपला तो उठलाच नाही. ग्लेब तेव्हा तिसरीत होता. आणि आता तोच ग्लेब बाटली हातात घेऊन पाहुण्यांना हसवत होता.

गेल्या आठवड्यात त्यानं तिसरा पेला आणला.

तिसरा पेला गेलेल्यांचा. सगळ्यांनी उभं राहायचं, पेल्याला पेला लावायचा नाही, बोलायचं नाही, तळाशी थेंब ठेवायचा नाही. घरोघरी हे होतं, पण आपल्या माणसांत. ग्लेबनं ते पाहुण्यांना समजावून सांगितलं तेव्हा दोघी-तिघींचे डोळे भरून आले. कॅमेरे निघाले. रिम्मा दारातून झाखारकडे बघत होती. त्यानं टोपी काढली. पेला उचलला, प्यायला. टॉवेलाकडे हात गेलाच नाही. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली.

एकच तर घोट, असं तिनं स्वतःला आठवडाभर सांगितलं. आणि काल टॉवेल कोरडा.

सकाळी ती त्याच्याकडे गेली. ऊन चढलं होतं तरी काचघराची दारं बंदच होती. आत टोमॅटोची रोपं माना टाकून उभी. झाखार पायरीवर बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले.

"पाणी नाही घातलंस?"

"घालतो."

"झाखार, टॉवेल कोरडा होता."

त्यानं बुटाच्या टोकानं पायरीजवळची माती उकरली. मग म्हणाला, "दोन पेले थुंकायचो गं. तिसरा लीडाचा. तिच्या नावाचं थुंकू कसा?"

"आणि काल?"

"काल सगळेच तिचे वाटले." त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं. आता तिच्यापर्यंत वास आला. "बुधवारी जहाज आहे ना? किती वाजता येऊ?"

किती वाजता. आजवर त्यानं कधी विचारलं नव्हतं, त्याला बोलावून आणावं लागायचं.

रिम्मानं बादली उचलली, रोपांना पाणी घातलं, काचघराची दारं उघडली आणि घरी आली. ग्लेब फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"आई, हे बघ. कंपनी हा फोटो त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर टाकणार आहे."

फोटो कालचा, ती स्वयंपाकघरात असतानाचा: झाखार टेबलावर गाल टेकून झोपला होता. टोपी तिरकी, तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. मागे चार पाहुणे अंगठे वर करून हसत होते.

"तुझे बाबा असेच दिसायचे," ती म्हणाली.

"म्हणूनच तर खरं वाटतं," ग्लेब बोलून गेला. नजर वर नाही.

परक्यांचं एक सोडा, त्यांच्याकडे एकच ओळ होती. याच्याकडे तर अख्खा बाप होता, आणि हात धरून वल्हं मारायला शिकवणारा काका होता.

"बुधवारी कुणी येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घर माझं आहे. टॉवेल माझे आहेत."

"वेडी आहेस का? स्नेझाना दुसरं घर बघेल!"

"बघू दे. त्या घराशेजारी झाखार राहत नाही." मग म्हणाली, "आणि तू त्याला तिथे घेऊन गेलास, तर या घराचं दार तुलाही बंद."

ग्लेब हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू अर्ध्यावरच विरलं. "आई, फोन करू नकोस. निदान उद्यापर्यंत थांब."

उद्यापर्यंत थांबलं की ग्लेब समजूत घालणार, स्नेझाना गोड बोलणार आणि बुधवार उजाडणार. रिम्मानं ओले हात एप्रनला पुसले, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहिलेला स्नेझानाचा नंबर चष्मा लावून नीट वाचला, आणि फोन उचलला.