माझ्या तापाची साक्ष

आमच्या ह्यांना देवानं हाक मारली तेव्हा ते नांदुऱ्याच्या मार्केट यार्डात तूर मोजत होते. ते मापारी. पोतं काट्यावर चढवायचं, वजन ओरडून सांगायचं, की पुढचं पोतं. त्या गलक्यात त्यांना देवाचा आवाज स्पष्ट ऐकू आला याचं मला फार नवल वाटलं, कारण घरात सिलिंडर संपलंय म्हणून मी आठवडाभर मारलेल्या हाकांपैकी एकही त्यांच्या कानापर्यंत पोचली नव्हती. पण देवाची गोष्ट वेगळी. तो सिलिंडर आणायला सांगत नाही.

मी जन्माची ख्रिस्ती. आजीपासून आमच्याकडे रविवारची उपासना, नाताळच्या करंज्या आणि जेवणाआधी डोळे मिटणं एवढं रीतसर चालत आलेलं. माहेरी देवानं कुणाला हाक मारली नव्हती, निदान कामाच्या वेळेत तरी नाही. हे मात्र शेतकऱ्याच्या, ख्रिस्ती नसलेल्या घरातले. लग्नापुरते चर्चमध्ये उभे राहिले आणि नंतर कित्येक वर्षं तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

मग मला डेंग्यू झाला. सरकारी दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं, पेशी खाली गेल्या, पुन्हा वर आल्या, मी घरी आले. त्या दिवसांत हे माझ्या खाटेशेजारी बसून आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करत होते. शब्द नीट येत नव्हते, माझा हात मात्र सोडत नव्हते. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा खरंच वाटलं की देव तिथंच आहे, त्या सलाईनच्या स्टँडच्या आसपास कुठंतरी.

तिथून हे विश्वासात आले, आणि वर्षभरात हाक आली. नव्या विश्वासणाऱ्याचं नव्या मोटारसायकलवाल्यासारखं असतं. काम नसलं तरी बाहेर काढायची. रविवारी आमच्या अंगणात संगती, म्हणजे प्रार्थनेची बैठक, भरू लागली आणि सुट्टीच्या दिवशी हे गावोगाव साक्ष द्यायला जाऊ लागले. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. संगतीतल्या बाकीच्या भावांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एकाची दारू सुटली होती, एकाचा जुगार. आमच्या ह्यांना चहाशिवाय व्यसन नाही. त्यांच्याकडे भांडवल एकच, माझा डेंग्यू.

अंगणातल्या साक्षीत तो ताप होता तेवढाच राहिला. शेजारणी समोर बसलेल्या, त्यांनी मला डबे पोचवले होते. रोहिणखेडला मी त्यांच्याबरोबर गेले तर तिथल्या साक्षीत डॉक्टरांनी हात टेकले होते. दुसरबीडला दोन एसट्या बदलून हे एकटेच गेले, आणि तिथं तर मला खाटेवरून खाली काढलं होतं. आमच्याकडे माणसाला खाली काढलं म्हणजे सगळं आटोपलं, पुढे काय ते लोकांना सांगावं लागत नाही. माझ्या भावाला निरोपही गेला होता म्हणे. भावाला तो आजतागायत मिळालेला नाही. दुसरबीडचं हे सगळं मला पुढच्या रविवारी तिथून आलेल्या एका बाईकडून कळलं. तिनं आधी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढून पाहिला आणि मग पाया पडली.

मी ह्यांना घरात गाठलं. "अजी, मले सलाईन लावलं होतं, ते काऊन नाई सांगत?"

"सलाईन काय कोनालेबी लावतात," हे म्हणाले. "त्यात देवाचा महिमा कुठं आला?"

"अन् मी मेली कधी?"

"मेली असं म्या सांगतलंच नाई. खाली काढलं म्हनलं. ऐकणाऱ्याचा विश्वास वाढाले पाह्यजे."

हा माणूस यार्डात मूठभर तुरीसाठी अडत्याशी भांडतो. काट्यावर कुणाचा पाय टेकलेला दिसला तर पोतं उतरवून पुन्हा मोजतो. मी म्हटलं, "तिथं मापात कस्पट चालत नाई तुमाले, अन् माया मरणात पसाभर टाकता?" त्यांना राग आला. स्त्रियांना आत्मिक गोष्टी उशिरा समजतात असं काहीतरी म्हणाले आणि सिलिंडर आणायला गेले. माझ्या मरणातून मिळालेला हा एवढाच फायदा.

मीही मग नाद सोडला. हौशी माणूस आहे, बोलतो, कुणाचं काय जातं, असं वाटायचं.

एका शनिवारी दुपारी मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते. दारात एक बाई आली, बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. दुसरबीडकडच्या. मुलीच्या कपाळावर जुनी खोक होती आणि उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. बाई मला पाहताच रडायला लागली. "ताई, तुम्हालाच खाली काढलं होतं ना? लई लांबून आले. हिच्या डोक्यावर हात ठेवा फक्त."

पाणी दिलं, बसवलं. मुलीला लहानपणापासून फिट यायच्या. बुलढाण्याच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या आणि फिट जवळजवळ थांबल्या होत्या. मग आमचे हे दुसरबीडला गेले.

"भाऊ म्हणले, डॉक्टरानं काही झालं नाही, विश्वासानं झालं," बाई म्हणाली. "मग मी म्हणलं, गोळ्या देत राहिले तर माझा विश्वास कुठं राहिला? बंद केल्या. आता रोज येते. परवा चुलीपाशीच आली."

फडकं सोडून पाहिलं. तळहात सगळा भाजलेला. मुलगी ओरडली नाही, फक्त माझ्या शिवणाकडे पाहत राहिली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्यांचा राग आला, दंडाला चिमटा घेणाऱ्या बाईचा आला, आणि देवाचाही आला की बाबा, यार्डभर माणसं होती, हाच कसा सापडला तुला? मी त्या बाईला सगळं सांगितलं. दवाखाना, सलाईन, पेशी, नर्सचं ओरडणं, सगळं. ती ऐकत राहिली आणि शेवटी हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्हाला मोठेपणा नको वाटतो. देवाची माणसं अशीच असतात."

माझ्या मरणाबद्दल माझ्यावरच कुणी विश्वास ठेवेना. उद्या भाऊ सांगतील तेच खरं, असं तिचं ठरलेलं होतं. जळलेल्या हाताला मलम लावलं आणि दोघींना घरीच ठेवून घेतलं.

रविवारी संगती भरली. अंगण भरलेलं. त्या मायलेकी पुढेच बसल्या होत्या. हे उभे राहिले, बायबलचं पुस्तक छातीशी धरलं आणि डोळे मिटून सुरुवात केली, "भावांनो, माई बायको मरणाच्या दारात..."

मी उठले. त्या अंगणात मी आजवर सतरंज्या टाकल्या होत्या, चहा केला होता, गाण्यात मागून सूर धरला होता. साक्ष कधी दिली नव्हती. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "थांबा जी. ते मरण मायं हाय, मी सांगते."

ह्यांनी डोळे उघडले.

"मले सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. हे पाहा, इथं." मी हात पुढे केला. "मी खाली निजली नाई, खाटेवरच होती. डॉक्टरनं हात टेकले नाई, रोज येऊन पाहे. अन् हे मायाजवळ बसून प्रार्थना करत होते, हेबी खरं हाय. देवानं मले वाचवलं. सुईतून वाचवलं. ज्यानं कोनी हे ऐकून लेकराच्या गोळ्या बंद केल्या असतील, त्यानं आजच सुरू करा. देवाले गोळीचा राग येत नाई."

मग मी त्या मुलीचा हात धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा. ह्यांनाही दिसेल असा.

आमेन म्हणायचं कुणाला सुचलं नाही. हे त्या हाताकडे पाहत उभे राहिले. पुस्तक खाली ठेवलं आणि बाईसमोर उकिडवे बसले. "म्या जास्त सांगतलं," एवढंच म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी विचारलं, भाऊ काय म्हणाले?

दुसऱ्या दिवशी तुरीचा हंगाम भर रंगात असताना यार्ड सोडून ते त्या दोघींना घेऊन बुलढाण्याला गेले. दिवसभर बाकावर बसून होते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून जेवायला बसण्याआधी ते त्या मुलीला फोन लावतात. "बाई, गोळी घेतली का?" तिकडून हो आलं तरी समाधान नाही. "माय कुठं हाय? तिले दे." पुन्हा मोजून घेतल्याशिवाय त्यांचं पोतं उतरत नाही. मग डोळे मिटतात आणि मग भाकरीला हात लावतात. फिट आता क्वचितच येते. तळहाताची कातडी मात्र आखडली ती आखडलीच. पेन धरताना बोटं पुरती मिटत नाहीत.

परवा रोहिणखेडला पुन्हा साक्ष होती, मीही गेले. आता त्यांच्या साक्षीत दवाखाना सगळ्यात आधी येतो. मला सलाईनच्या बाटल्या किती लागल्या ते हातवारे करून सांगत होते. माझ्या आठवणीपेक्षा बाटल्या बऱ्याच वाढलेल्या होत्या, आणि डॉक्टर तर माझ्या उशाशी मुक्कामालाच होता. बोलताना त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, मी उठते की काय म्हणून.

समोर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन ऐकत होती. मी पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं आमेन म्हणाले.