नकाशा, शिक्क्यासकट

आर्वीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत पंचफुला थूल यांचं दुकान आहे. पाटीवर ‘जुने नकाशे, फ्रेमसह’ एवढंच लिहिलंय, त्यामुळे शेताचा नकाशा काढायला आलेले लोकही कधीकधी आत शिरतात. आत नकाशे आहेत ते इमारतींचे. जिनिंग कारखान्याचा उभा छेद, म्हणजे इमारत मधून कापून आतलं दाखवणारा नकाशा, दगडी पुलाच्या कमानी, विश्रामगृहाचा दर्शनी भाग, धान्याची कोठारं. कधीकाळी कोणीतरी शाईनं हाताने काढलेले आणि आता चांगल्या कागदावर छापून घेतलेले.

नवं घर बांधलं, ऑफिस थाटलं की लोक भिंतीसाठी काहीतरी हवं म्हणून येतात. पंचफुलाबाई त्यांना लगेच काही दाखवत नाहीत. आधी भिंत पाहायला जातात. ऊन कुठून येतं, माणसं बसतात कुठे, हे बघतात. मग विचारतात, ‘तुमचे आजे काय करत?’

जामच्या चौफुलीवर हॉटेल काढलेल्या ओमप्रकाशला पॅरिसचा मनोरा हवा होता.

“तुमी गेलते का पॅरिसले?”

“नाई बा.”

“मंग जेवनाऱ्यानं विचारलं त काय सांगान?”

त्याचे वडील जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रावर कामाला होते, हे बोलता बोलता कळलं. बाईंनी सिंदी रेल्वेच्या एका जुन्या जिनिंगचा छेद गल्ल्यामागे लावून दिला. आता ट्रकवाले चहा पिता पिता त्या चित्राबद्दल विचारतात आणि ओमप्रकाश गल्ला सोडून उठतो आणि बोट ठेवून दाखवतो, बाप कुठे उभा राहायचा ते.

पंचफुलाबाईंना हे सगळं सुचलं नोकरीमुळे. बाई सरकारी बांधकाम खात्यात अनुरेखक होत्या. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न रेघ उतरवून घ्यायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. रुजू झाल्या तेव्हा त्या विभागात बाई एकटीच होती. पहिल्याच आठवड्यात एका जिन्याच्या दोन पायऱ्या त्यांना चुकीच्या वाटल्या, म्हणून त्यांनी त्या परस्पर दुरुस्त केल्या. मुख्य आरेखकानं कागद परत केला. “चूक दिसली त मले येऊन सांग. पण कागदावर जे आहे ते तसंच उतरव. आपल्याले रेघ वाढवायचा हक्क नाई, सोडायचाबी नाई.” ते त्यांना तेव्हा लागलं होतं. पुढे त्याच वाक्यावर त्यांनी नोकरी काढली.

मग संगणक आले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नकाशांची जुनी खोली रिकामी करायचं फर्मान निघालं. कापडावर काढलेले जुने नकाशे रद्दीत जाणार होते. बाईंनी लेखी अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. तिसरा अर्ज घेऊन त्या साहेबांच्या दारात स्टूल टाकून बसल्या, डबाही तिथेच खाल्ला. चौथ्या दिवशी प्रती काढून घ्यायची परवानगी मिळाली, सही-शिक्क्यासह.

त्या जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात एक लहान नकाशा होता. आर्वी तालुक्यातल्या एका गावाच्या बौद्ध विहाराचा, सन एकोणीसशे एकोणसाठचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दीक्षा घेऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. वस्तीतल्या कोणा मास्तरानं शाळेच्या फूटपट्टीनं काढलेला असावा. एक खोली, पुढे ओटा, दोन खिडक्या. जागा रस्त्याला लागून, म्हणून अर्ज बांधकाम खात्याकडे आला होता. नकाशावर तिरपा जांभळा शिक्का होता: नामंजूर. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘गावाची हरकत.’ आणि त्याखाली गावच्या पाटलाची म्हणून एक न वाचता येणारी सही.

विहार मात्र त्या गावात उभा होता. बाईंनी स्वतः पाहिला होता.

निवृत्तीनंतर दुकान सुरू झालं, मुलगी रोशनी हिशेब आणि छपाई बघू लागली, आणि गेल्या वर्षी आर्वीतल्या एका पतसंस्थेनं नवी इमारत बांधली. तिथल्या व्यवस्थापक सुमतीताई दुकानात आल्या. अकरा भिंती होत्या. “तुम्हीच निवडा ताई,” त्या म्हणाल्या. दुकानाला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी महिना लावला. कॅशियरच्या मागे बाजारातल्या कापूस-ओट्याचा नकाशा, कर्जविभागात पुलाच्या कमानी, जिन्यात विहिरीचा छेद, कारण जिना उतरताना तो वरून खाली वाचता येतो. आणि लोक बसून नंबराची वाट पाहतात त्या समोरच्या भिंतीवर विहाराचा नकाशा.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी अध्यक्ष अच्युतराव पाहायला आले. सत्तरीचा, मऊ बोलणारा माणूस. सगळं हिंडून पाहिलं, खूश झाले. समोरच्या भिंतीपाशी चष्मा वर करून वाकले आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत.

“ही सही माझ्या वडिलांची आहे,” ते म्हणाले.

सुमतीताई फाईल घेऊन जवळ आल्या. पंचफुलाबाई म्हणाल्या, “मले माहीत नोतं, साहेब. सही वाचता येत नोती.”

“आता कळलं ना. मग हे काढून घ्या.”

“नाई.”

“बाई, मी काही वाद घालत नाही. विहाराचं चित्र असू द्या, माझी ना नाही. शिक्का आणि सही तेवढी काढून टाका. कम्प्युटरवर होतं ना ते? दोन मिनिटांचं काम.”

“होते. पन मी करनार नाई.”

“का बरं?”

त्या पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट वळल्या. “साहेब, चवतीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघा उतरवल्या. एकबी गाळली नाई. शिक्का पुसला त हा नुसता एका खोलीचा नकाशा होते. तशा खोल्या गावोगावी आहेत. हा नकाशा भिंतीवर लावाचा तो शिक्क्यासकटच.”

“सभासद विचारतील. गावात माझी मान खाली जाईल.”

“तुमाले खाली घालायचं काय कारन? सही तुमची थोडी आहे. तुमी त्याच्याखाली उभं राहून सांगा, माझ्या बापानं अडवलं होतं, लोकायनं तरी बांधलं. तुमची मान वर जाईन.”

अच्युतरावांनी चष्मा खिशात ठेवला. बाहेर जाताना सुमतीताईंना म्हणाले, “दहा ठेवा, तो एक परत द्या.”

“दहा नाई,” पंचफुलाबाई मागून म्हणाल्या. “अकरा निवडले आहेत. राह्यले त अकरा, नाई त एकबी नाई.”

आणि त्यांनी स्टूल ओढलं. रोशनी खालून फ्रेम झेलत होती आणि हळू आवाजात भांडत होती. “आई, तू काय करून राह्यली? दहा त राहू दे. एवढं काम परत येईन का आपल्याले?”

“नाई येनार.”

“मंग?”

“मंग नाई येनार. तू पकड नीट, काच आहे.”

दुपारपर्यंत अकराही भिंती रिकाम्या झाल्या. उद्घाटनाला तिथे परदेशी राजवाड्यांची रंगीत चित्रं लागली, एकाच मापाची. रोशनी आठवडाभर आईशी कामापुरतंच बोलली.

पंचफुलाबाईंनी ते अकरा नकाशे दुकानाबाहेरच्या भिंतीवर, गल्लीकडे तोंड करून लावले. विहार मधोमध. रोज सकाळी लावायचे, संध्याकाळी काढायचे. बसला वेळ असला की लोक गल्लीत येऊन बघायचे. कोणी शिक्का वाचून हसलं, कोणी तोंड फिरवून गेलं. एकानं आत येऊन विचारलं, जुनं कशाला उकरून काढता? बाई म्हणाल्या, “उकरलं नाई. मी फक्त झाकलं नाई.”

महिन्याभरानं विहाराच्या त्या गावातून नानाजी नावाचे एक म्हातारे आले. वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी, जन्मभर गवंडीकाम केलेले, बोटं वाकडी झालेली. कोणीतरी सांगितलं म्हणून बसनं आले होते. भिंतीशी उभं राहून त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, “चुकला आहे.”

“काय चुकलं, नानाजी?”

“दार अठी नाई. नकाशात रस्त्याकडं आहे. आमी मागून केलं, वस्तीकडून. रस्त्याकडून माल आनू देत नोते ना. मंग मागच्या नाल्यातून गोटे उचलले. बाया डोक्यावर आनत. मी सतरा वर्षांचा होतो, माती कालवत होतो.” त्यांचं बोट शिक्क्यावर थांबलं. “हे काय लिवलं?”

“नामंजूर. गावाची हरकत.”

नानाजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “गाव म्हंजे कोन? आमी गावात नोतो का?”

रोशनी दारात उभी होती. तिनं आत जाऊन पाणी आणलं, नानाजींना खुर्ची दिली आणि ते सांगत गेले तसं वहीत उतरवून घेतलं: दगड कुठून आले, दारं कोणी दिली, ओटा कधी झाला. ते नकाशाच्या आत कुठे घालायचं नाही, यावर मायलेकींचं एकमत झालं. वेगळ्या कागदावर छापून नकाशासोबत द्यायचं ठरलं.

पुढचं फार मोठं काही नाही. सुमतीताईंनी स्वतःच्या नव्या घराच्या बैठकीत तो नकाशा लावला. सासूबाईंनी विचारलं, आपल्या घरात हे कशाला? त्या म्हणाल्या, “मी रोज पतसंस्थेत त्या भिंतीसमोर बसते, आणि तिथं आता कोणाचातरी राजवाडा आहे. घरात तरी मला खरं काही पाहू द्या.” एका वकिलानं नेला, दोन शिक्षकांनी नेला. पतसंस्थेकडून एकदा निरोप आला होता, दहा द्याल का म्हणून. बाईंनी तोच जबाब पाठवला. पुन्हा निरोप आला नाही.

यंदा जानेवारीत विहाराच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीनं नकाशा मागवला. सरपंच माधवी नावाची तिशीतली मुलगी आहे, त्याच वस्तीतली. पंचफुलाबाई हातोडी घेऊन स्वतः गेल्या. माधवीनं दाखवलेली कोपऱ्यातली जागा त्यांना पटली नाही. त्यांनी सरपंचाच्या खुर्चीसमोरची भिंत निवडली.

“पाहुन्याईले पाठीमागं पडन की, ताई,” माधवी म्हणाली. “दिसनार नाई त्यायले.”

“पाहुन्याईसाठी नाई. जो कोनी या खुर्चीवर बसून अर्जावर सही करन, त्याले दिसला पायजे.”

ग्रामसेवक जरा चाचरत म्हणाला, “बाई, शिक्का फार ठळक दिसून राह्यला.”

“दिसू द्या,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि खिळा ठोकला.