कापसाचे बारा ढीग

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी नागपूरहून घरी आले, तेव्हा कापूस फुटला होता. आमचं शेत जळगाव जामोदच्या उत्तरेला. सकाळी धुकं उतरलं की सातपुडा दिसेनासा व्हायचा, आणि शेत कुठे संपलं, आभाळ कुठे लागलं ते कळायचं नाही. त्या पांढऱ्यात बाया वेचत असायच्या. बांधावरून बघताना वाटायचं, त्या चालत नाहीत, तरंगतात.

वडील गेल्यापासून शेती मायच बघायची. मी मामाकडे राहून कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते, आणि नवं शिकणाऱ्याला येतो तेवढा ताठा मलाही आला होता. दुपारी कडुनिंबाखाली भाकर खाताना मी वेचणाऱ्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सांगू लागले, "मजुरी कोणी ठरवत नाही. मागणी आणि पुरवठा, दोन्ही मिळून आपोआप ठरते. त्यात कोणाचा हात नसतो."

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "असं का बाई? मंग सांजच्याले ढीग कोन लावते?"

मजुरी कापसातच मिळायची. प्रत्येकीनं वेचलेल्या कापसाचे माय बारा ढीग लावायची. अकरा आमचे, एक वेचणारीचा. हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मायचे हात बघितले. आमचे ढीग ती दाबून लावत होती. बारावा ढीग मात्र बोटांनी हलकेच पिंजायची, फुलवायची, की तो फुगून इतरांएवढा दिसायचा. मावळतीचं ऊन त्या कापसातून आरपार जात होतं. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला लाजेनं खाली बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाया शेतात उतरल्याच नाहीत. रिकाम्या ओट्या घेऊन बांधावर बसून राहिल्या. म्हातारी मायला म्हणाली, "पाटलीणबाई, ढीग तुमीच लावा. पन बारातला आमचा कोनता, ते आमी ठरवू अन् तोच उचलू."

माय माझ्याकडे वळली. "तू शिकोलं या बायायले?"

"नाही माय. पण काल मी तुझे हात पाह्यले."

डोंगरावर ढग येत होते. भिजला असता तर कापूस मातीमोल झाला असता. दुपार कलेपर्यंत माय धुऱ्यावर, शेताच्या कडेला, एकटी उभी होती. शेवटी तिनं नुसता हात हलवला, आणि बाया उठल्या.

त्या संध्याकाळी ढीग लावायला तिला दुप्पट वेळ लागला. एक उचलायचा, तोलून बघायचा, मूठभर दुसऱ्यात घालायचा. बाराही सारखे झाले. माझ्याशी मात्र ती आठवडाभर बोलली नाही. शेजारच्या शेतवाल्यांनी तिला नावं ठेवली, आणि म्हातारीला आमच्याखेरीज कुणीच वेचायला बोलावलं नाही. ती आमच्याकडे शेवटच्या वेचणीपर्यंत आली, पुढल्या वर्षी लेकीकडे निघून गेली. तिच्या वाट्याला एवढंच आलं.

सुटी संपली. खामगावला जाणाऱ्या कापसाच्या गाडीवर मायसोबत मीही बसले. दोन दिवसांचा रस्ता. कापसात रुतून मी अर्धवट झोपेत पडून होते. बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. बाजारात अडत्यानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, कापूस चोळला आणि भाव सांगितला. मायनं अंदाज केला होता त्याहून बराच कमी.

"काऊन?" तिनं विचारलं.

"सकाळीच मुंबईहून भावाची तार आली, बाई."

"कोनाची तार?"

अडत्यानं दुकानातल्या मुनिमाकडे पाहिलं, मुनिमानं रस्त्याकडे. गाड्यांची रांग मागे लांबवर थांबली होती. मायनं कापूस त्याच भावात दिला.

स्टेशनवर तिनं माझ्या हातात दशम्यांचं गाठोडं दिलं. किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "तुह्या पुस्तकात पाह्य बरं, हे तार कोन पाठोते. सापडलं त मले कळव."

नागपूरला पोचल्यावर मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

मी घरी पत्र टाकलं. त्यात एकच ओळ होती, "माय, अजून शोधून राह्यली."