त्यांनी लिहिलेलं माझं भाषण

"डोक्याला रुमाल नाही बांधलास? सांगितलं होतं ना तुला?"

इंदिरानगरातल्या सभागृहाच्या दारातच मॅडमनी मला अडवलं. वाचक मंडळाच्या त्या अध्यक्षा. बागेतल्या कामाचा वेश सोडून मी इस्त्रीचा ड्रेस घालून आले होते, हाच माझा गुन्हा. विषय होता, एक जुनी गाजलेली कादंबरी आजच्या तरुणांना का आवडते. बोलणारे पाचजण. चौघे शहरातले. पाचवी मी, दिंडोरीकडची, बीएला मराठी घेतलेली, सुट्टीत द्राक्षबागेत घड विरळायला जाणारी. त्या चौघांना काय घालून यायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

कादंबरीचं नाव सांगत नाही. नाव ऐकलं की ही मंडळी डोळे मिटून माना हलवायला लागतात. गोष्ट साधी आहे. एका मोठ्या घरी पाणी भरणारी पोरगी. वर्षानुवर्षं भरते. एक दिवस भर रस्त्यात घागर खाली ठेवते आणि शेजारी बसते. घरात पंगत खोळंबते. माणसं बोलवायला येतात. ती उठत नाही.

बागेत कामाला जाणाऱ्या आमच्या टोळीतल्या बायकांना मी ती वाचून दाखवली होती. दुपारच्या सुट्टीत, डबे उघडून, द्राक्षाच्या मांडवाखाली. त्या पानावर आमची मुकादम शांताकाकू हातात भाकरी तशीच धरून ओरडली, "बसली? भर रस्त्यात? लय भारी! आता उठू नको गं बाई!" पोरींनी ते पान मला तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

हेच मी दोन पानांत लिहून मॅडमना आठवडाभर आधी पाठवलं होतं. आता त्यांनी माझ्या हातात टाईप केलेला कागद ठेवला. "थोडंसं सुधारलंय."

मी वाचलं. "म्या अडाणी पोर. मला काय कळतंय. पर त्या पोरीचं सोसणं वाचून माझं काळीज तुटलं."

असं आमच्या गावात कोणी बोलत नाही. सिनेमातला गडी बोलतो. तेही एक वेळ सोडलं असतं. पण कागदावर घागर कुठेच नव्हती. पोरगी रस्त्यात बसतच नव्हती. नुसती सोसत होती.

"मॅडम, हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, तुझ्या तोंडी हेच शोभतं. तुझं फार पुस्तकी होतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं."

आधी मला लाज वाटली. मग लाज वाटल्याचाच संताप आला. तीस वर्षं ही माणसं ती कादंबरी उराशी धरून बसलीत, आणि घागर खाली ठेवलेली त्यांना दिसली नाही. दिसणार कशी? ही माणसं वाचतात पंगतीत बसून.

मंचावर चौघांना खुर्च्या होत्या. मला नव्हती. मी कडेला उभी होते. शेवटी मॅडम माईकवर गोड आवाजात म्हणाल्या, "आणि आता आपली श्रमकन्या!" माझं नावसुद्धा घेतलं नाही. टाळ्या पडल्या.

मी माईकसमोर गेले. म्हटलं, "हा कागद माझा नाही. माझा यांनी बदलला." कागद खाली ठेवला आणि मंचावरच बसले. माईक वर राहिला. मग मोठ्या आवाजात घागरीचं पान सांगायला लागले.

"ऊठ गं! काय तमाशा हा!" मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या.

मी उठले नाही. पान संपवलं, मगच उठले. पहिल्या रांगेतली मंडळी तोवर चहाला गेली होती. मागच्या रांगेतली पोरं व्हिडिओ काढत होती.

तो व्हिडिओ बराच फिरला असावा. कारण गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. पुन्हा कार्यक्रम आहे म्हणे. "या वेळी तुझ्या मनाचं बोल. फक्त खाली बसू नकोस, बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "मंचावर खुर्ची ठेवा. पत्रिकेवर माझं नाव छापा. माझ्या कागदाला हात लावायचा नाही. जमत नसेल, तर तुमचं पाणी तुम्हीच भरा."