बाईंचा उजवा हात

टेकडी चढताना बाई आपली पिशवी कुणाला धरू देत नसत. पिशवी त्यांनी स्वतः खताच्या पोत्याची शिवलेली आणि आत साडेपाच किलोची शिशाची बॅटरी. वय साठीच्या पुढे, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, एका खांद्यावर बॅटरी आणि दुसऱ्यावर रेडिओची पेटी. "बाई, द्या इकडे" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तू तुझी तार सांभाळ. बॅटरी माझी हाय."

कंधारच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. शाळेत त्या शुद्ध बोलत, टेकडीवर आणि स्वयंपाकघरात कंधारचं. त्यांचा छंद हौशी रेडिओचा. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरातून किंवा माळावरून शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं. फोनला टॉवर लागतो. याला एक लांब तार आणि एक बॅटरी पुरते. मी लातूरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. चौतिसाव्या वर्षी मला या छंदाची हौस आली आणि परीक्षेचं विचारायला मी बाईंकडे गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला कानांवर हेडफोन लावून दोन तास नुसतं बसवलं. मी वैतागलो तेव्हा म्हणाल्या, "आधी ऐक. बोलायला कुणालाबी येतं."

बाई सगळं मोजत. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस दारातूनच म्हणायचा, "बाई, काटा काढा." टेकडीवर जाण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं, आल्यावर पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे पेन्सिलीनं वहीत लिहायचे. मी एकदा म्हटलं, "असेल साडेबारा." त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. "अंदाज म्हणजे आळशाचा मीटर. मोज." सव्वाबारा भरलं. त्यांनी वही फक्त माझ्याकडे सरकवली.

एका पावसाळ्यात मन्याड नदी फुगली, वीज गेली, फोन बंद पडले. तहसीलचा माणूस बाईंच्या दारात आला. सलग दोन दिवस बाई त्या शिशाच्या बॅटरीवर रेडिओ चालवत बसल्या होत्या. कुठल्या गावात पाणी शिरलं, कुठे दवाखान्याची गाडी हवी, एवढंच त्या विचारत आणि लिहीत. नंतर सत्कार ठरला तेव्हा त्या घराला कुलूप लावून माळावर निघून गेल्या. "निरोप पोचवला, त्यात सत्कार कसला? पोस्टमनचा करता का तुम्ही?"

पण बाईंची खरी ओळख त्यांच्या हातात होती. रविवारी सकाळी आमची सगळ्यांची रेडिओवर गप्पांची वेळ असे. त्याआधी अर्धा तास बाई आणि उदगीरचे अण्णा मोर्समध्ये बोलत. टिंब आणि रेघ, कळ दाबून. अण्णांचं उदगीरला मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. पंचवीस वर्षांत दोघांची समोरासमोर भेट चार-पाच वेळाच झाली असेल. मोर्समध्ये आवाज सगळ्यांचा सारखाच, पण कळ दाबायची लकब प्रत्येकाची निराळी, अक्षरासारखी. अण्णा म्हणायचे, "बाईंनी नाव सांगायच्या आधी मला कळतंय ओ. दोन शब्दांच्या मधी त्या जरा थांबतात. चहाचा घोट घेतल्यासारखं."

मग बाईंचा गुडघा दुखायला लागला. टेकडीवर त्या दोनदा बसू लागल्या, तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा मी विषय काढला. "बाई, लिथियमचा पॅक करून देतो. एका किलोत काम होईल."

"जळतात म्हणे ते."

"चांगले सेल तपासून जोडले तर नाही जळत."

"मग तपासून जोड."

कॉलेजात मोडीत काढलेले लॅपटॉप होते. त्यांच्या बॅटऱ्या फोडल्या की बोटाएवढे गोल सेल निघतात, त्यांतले बरेच चांगले असतात. ते ओळखायची पद्धत सोपी पण वेळखाऊ आहे. सेल पूर्ण भरायचा, आठ दिवस तसाच ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा. ज्याचं व्होल्टेज आपोआप उतरतं तो आतून आजारी. मला अठरा सेल हवे होते. आठ दिवसांनी त्यांतले सहा आजारी निघाले. रविवारी टेकडीवर आमची रेडिओची मंडळी जमणार होती आणि बाईंचा नवा पॅक दाखवीन असं मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून मी सहा सेल काढले. दिसायला कोरे होते. एकदा मीटर लावला, आकडा चांगला आला, जोडून टाकले. प्रत्येक ओळ सारखी भरते की नाही हे बघणारं छोटं सर्किट बसवायचं होतं. ते कुरियरनं आलं नव्हतं, तेही राहू दिलं.

शनिवारी पॅक दिला. बाईंनी तो तळहातावर तोलला.

"अठराही आठ दिवस ठेवून मोजले?"

"हाव, बाई."

"अठराही?"

"अठराही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर सगळं स्वतः मोजणारी बाई, पण माझ्या शब्दाला तिनं मीटर लावला नाही.

रविवारी त्या एका दमात टेकडी चढल्या. वर पोचल्यावर हसून म्हणाल्या, "पिशवीत काही हाय का न्हाई तेच कळंना." मंडळींनी मला घेरलं. कौतुकानं मी इतका फुगलो की पुढच्या महिन्यात आणखी दोन पॅक करून दिले, एक उदगीरच्या अण्णांना आणि एक भोकरच्या एका शिक्षकांना. त्यांतले सेलही तसेच, निम्मे तपासलेले.

पुढे दीड-दोन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास मी वर्गात असताना फोन आला. बाईंच्या शेजारणीचा होता.

झालं ते असं. बाईंचे यजमान, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, पक्षाघातानं दोन वर्षांपासून आतल्या खोलीत पलंगावर होते. बाईंनी त्यांना खाऊ घातलं, पॅक बाहेरच्या खोलीत टेबलावर चार्जिंगला लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. कुकरसारखी फुसफुस ऐकू आली, पण कुकर तर लावलाच नव्हता. बाहेर येऊन बघतात तो पांढरा धूर. एक सेल फुटला, टेबलाचं प्लॅस्टिक पेटलं. सरांना उचलून बाहेर काढणं त्यांना एकटीला शक्य नव्हतं. सर तिथून हलत नाहीत, तर पॅक हलला पाहिजे, एवढा हिशेब त्यांनी केला. ओला टॉवेल हाताला गुंडाळून पेटता डबा उचलला आणि अंगणात नेऊन फेकला. दुसरा सेल फुटला तो त्यांच्या हातातच.

नांदेडच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. खाटेभोवती शेजारी होते, भोकरचे शिक्षक होते. कुणीतरी विचारलं, कसं झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझीच चूक. घाईत चार्जर दुसराच लावला मी."

त्यांच्या घरात त्या मापाचा एकच चार्जर होता. त्यावर पट्टी चिकटवून त्यांनीच नाव लिहिलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही, आणि म्हणालो, "बाई, पाणी देऊ का?"

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी एका शनिवारी कंधारला गेलो. बाई ओसरीवर बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. सहा सेल, राहिलेलं सर्किट, तोंडावर बोललेलं खोटं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"माहीत हाय मला. घरी आले त्या दिवशी अंगणातला डबा उघडून बघितला. बारा सेल एका जातीचे, सहा दुसऱ्या. ते सहा मागून घाईत घातलेले, कळलं मला."

"मग तुम्ही चार्जरचं का सांगितलं?"

"तुझी नोकरी कंत्राटावरची. घर जाळणारा मास्तर कोण ठेवून घेईल? लेकरंबाळं हायत तुला." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते राहू दे. आणखी कुणाला दिलेस असे?"

मी दोघांची नावं सांगितली. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि तीन आठवडे तू गप बसलास? त्यांच्या घरी माणसं न्हाईत का? ऊठ. आत्ता फोन कर, चार्जिंगला लावू नका म्हणून सांग. मग जा आणि घेऊन ये. आणि का नेतोस ते सांग त्यांना."

मी त्यांच्यासमोर फोन केले. त्याच दिवशी मोटारसायकलवर भोकरला गेलो, दुसऱ्या दिवशी उदगीरला. दोन्ही पॅक आणले, आणि दोन्हीकडे म्हणालो की नवं सर्किट आलंय, ते बसवून देतो. अण्णांनी मला जेवू घातलं. निघताना म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस पाहिजे ओ. दिलेली वस्तू सुधरवायला कोण येतंय एवढ्या लांब?"

परत आलो तेव्हा बाईंनी विचारलं, "सांगितलंस?"

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "पॅक आले, हे बरं झालं." एवढंच. पुढे दोन वर्षांत त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. विचारला असता तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती कायमची. बाई डाव्या हातानं कळ दाबायला शिकल्या, पहिलीतल्या पोरानं पाटी गिरवावी तशा, रोज सकाळी. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी त्यांनी अण्णांना हाक दिली. मी शेजारी बसलो होतो. अण्णांचं उत्तर आलं, "कोण आहे?" बाईंनी नाव पाठवलं. अण्णांनी पुन्हा विचारलं, "कोण बसलंय? बाईंना द्या."

बाईंनी कळेवरचा हात उचलला. मग एकेक अक्षर सावकाश दाबत पाठवलं, "मीच आहे. हात बदलला." मला म्हणाल्या, "पंचवीस वर्षांनी ओळख करून द्यावी लागली, बघ." त्या हसल्या.

नंतर त्यांच्या सांगण्यावरून मी दुसरा पॅक केला. या वेळी सहसा पेट न घेणाऱ्या जातीचे नवे सेल आणले, सर्किट आधी बसवलं. बाईंनी प्रत्येक सेल आठ दिवस आपल्या घरी ठेवला, मोजायला मला बोलावलं आणि आकडे मलाच मोठ्यानं वाचायला लावले. मला वाटलं होतं, लिथियमचं नावही त्या काढू देणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सेलवर कशाला राग धरायचा? त्यानं काय केलं?"

गेल्या थंडीत बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सरांना मुलगी पुण्याला घेऊन गेली. तिनं बाईंचा रेडिओ आणि तो पॅक मला दिला. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं.

पुढच्या महिन्यात लातूरला नव्या परवानाधारकांचा मेळावा होता. एक तरुण मुलगी बॅटरीवर बोलत होती, चांगलं बोलत होती. शेवटी म्हणाली, "चार्जर नीट बघून लावा. कंधारच्या बाईंनी चुकीचा लावला आणि हात गमावला." समोरच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बाईंना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. एवढ्या मोजणाऱ्या बाईचं नाव आता निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून शिकवलं जात होतं. मी दुसऱ्या रांगेत बसून होतो आणि तिथूनही गप्पच उठून आलो.

त्या रविवारी सकाळी रेडिओवर नऊ गावची माणसं होती. कुणीतरी लिथियमचा विषय काढला. अण्णा म्हणाले, "जपून वापरा बाबांनो. बाईंसारखी बाई चुकली ओ. वय झालं की हातून होतंय असं."

मी बटण दाबलं. माझं नाव सांगितलं आणि म्हणालो, बाई चुकल्या नव्हत्या. मग सगळं सांगितलं. सहा सेल, आठ दिवस, माझं 'हाव, बाई', दवाखान्यातलं पाणी, अण्णांच्या घरी जेवून बोललेलं दुसरं खोटं. बोलायला चारेक मिनिटं लागली असतील. बटण सोडलं. मग अण्णांचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"सांगितलं, बरं केलं. पर बालाजी, दोन वरसं मी बाईंना मनात चुकीचं धरलो. एकदा तोंडावर बोललो बी, बाई, जरा बघून करायचं ओ म्हणून. त्या हो म्हणाल्या. आता ते मी कुणापाशी परत घेऊ, सांगा."

मी बटण दाबलं. नऊ गावांतली माणसं ऐकत होती. बटण तसंच दाबून मी बसून राहिलो, आणि त्यांना बहुधा माझा श्वास तेवढा ऐकू गेला असेल.