बडोद्याच्या म्युझियमातली कोदरी

मुलीला परत आणायला मी बडोद्याला निघाले, तेव्हा म्युझियम पाहणं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. विहीणबाईंचा निरोप आला होता: मालतीला फेफरं येतं, लग्न ठरवताना तुम्ही लपवलंत, येऊन घेऊन जा. यजमानांना कचेरीतून रजा मिळेना, म्हणून तिचं सामान भरून आणायला मोठी रिकामी ट्रंक घेऊन मी एकटीच गाडीत बसले.

अमळनेरकडून जाणाऱ्या बायांनी तापीकाठची गाडी धरावी आणि सुरतेला बदलावी. मार्गशीर्षात तिथे पोंक मिळतो. म्हणजे आपला हुरडाच, पण वर शेव नि लिंबू! जरूर खा. मी घेतला, पण तसाच पुडीत बांधून ठेवला. बडोद्याला टांगेवाले आठ आणे मागतात. चार द्यावे आणि चालू लागावं, फार कुरकुरत नाहीत. रस्ते मात्र इतके स्वच्छ, की आमच्या गावाची लाज वाटली.

मालतीनेच दार उघडलं. चांगली टवटवीत दिसत होती.

"अगं, होतं तरी काय तुला?"

"कधी कधी जेवले की गरगरतं, आई. हात थरथरतात, जीभ जड होते. झोपून उठलं की काही नाही."

"आमच्या घरात कुणालाच नाही हो असलं काही," विहीणबाई आतून म्हणाल्या. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी संध्याकाळची होती. दुपारी कमाटी बागेतल्या म्युझियमात खास बायकांसाठी कार्यक्रम होता: शेतं, धान्यं, पाखरं आणि आपलं जेवण. महाराजांच्या राज्यात असले उद्योग चालतात. मालती हट्टालाच पेटली. "जाण्याआधी एवढं तरी बघू दे." वाटेत पडली तर काय, म्हणून विहीणबाईही निघाल्या. शेजारच्या शारदाबेन आपणहून बरोबर आल्या.

पेंढा भरलेला गरुड बघून विहीणबाई चक्क माझ्या मागे लपल्या. माझं मन थाऱ्यावर असतं तर हसले असते. पुढच्या दालनात चष्मा लावलेल्या एक पारशी बाई धान्याच्या परड्या फिरवत होत्या. बोलणं गुजरातीत, पण सगळं कळत होतं. भात कुठल्या जमिनीत, कापूस कुठल्या, कणगीत कुठला किडा शिरतो, त्या किड्याला कुठला पक्षी टिपतो. मग हातात बारीक दाण्याची परडी आली. ही कोदरी, म्हणजे आपला कोद्रा. कापणीच्या वेळी ओल लागली, की या दाण्यात विष धरतं, त्या म्हणाल्या. असा दाणा खाल्ला तर डोकं फिरतं, हात कापतात, बैलसुद्धा झोकांड्या खातो.

"नवी कोदरी तो चढे ज ने!" शारदाबेन हसून म्हणाल्या. "झिंग येणारच. आम्ही तर जुनीच खातो."

मालतीने परडी खाली ठेवली. "शारदाबेन, तुमच्याकडची कढी-कोदरी मला आवडली, म्हणून मी बाजारातून आणली. ती तर यंदाचीच होती."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या मालतीकडे बघत होत्या.

"आम्ही कुणी शिवत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मराठ्यांच्या घरात कसली कोदरी, म्हणून नाकं मुरडतो. ही एकटीच खाते."

मला भर दालनात रडू कोसळलं. शारदाबेन पदराने वारा घालू लागल्या, पारशी बाई पाणी घेऊन धावल्या. संध्याकाळची गाडी अर्थातच आमच्याशिवाय गेली.

मी मुद्दामच आठवडाभर राहिले; यजमानांना फक्त येण्याचा दिवस तारेने कळवला. ती कोदरी विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरली. मालती रोज आमच्याबरोबर भात जेवली आणि एकदाही गरगरलं नाही. निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. "लपवलंत म्हणाले, ते मनात ठेवू नका," म्हणाल्या. थोडं ठेवलंय, पण ते जाईल.

तुम्ही बडोद्याला गेलात तर राजवाडे सगळेच दाखवतील. म्युझियमाला एक दुपार राखून ठेवा, आणि परडी हातात आली की नीट ऐका.

अमळनेरच्या फलाटावर यजमान मालतीला डब्यात शोधत होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी ट्रंक उचलली. ती इतकी हलकी लागली, की ते ट्रंक हातात धरून तसेच उभे राहिले.

"मालती?"

"तिच्या घरी," मी म्हटलं.