तिसऱ्याचं नाव

नावाचा अर्थ विचारला की ते तीन बोटं वर करायचे. "साबुरो. थर्ड सन." मग बोटं मिटून म्हणायचे, "नो हाउस."

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या कंपनीत ते जपानहून मशीन बसवायला आले आणि पुढे काही वर्षं तिथेच राहिले, पन्नाशी उलटलेले. मी तिथे सेक्रेटरी. तिकडची जुनी रीत त्यांनीच सांगितली. पहिला मुलगा इचिरो, दुसरा जिरो, तिसरा साबुरो. घर, शेत, आईबाप सगळं थोरल्याचं. आमच्याकडे नको असलेल्या पोरीला नकुशी म्हणतात ते मला आठवलं, आणि डोकंच फिरलं. ते म्हणाले, "नो, नो. मदर सेज इट नाइसली."

तिकडे ऑफिसात आडनावानं बोलावतात, पाळण्यातलं नाव फक्त घरच्यांचं. इथे आखातात मात्र पहिल्या नावाला मिस्टर जोडला की झालं! गेटवरचा पठाण ओरडायचा, "मिस्टर साबुरो, यल्ला, चलो, गाडी आ गया!" ते कसनुसे व्हायचे. शेवटी मला म्हणाले, "दॅट नेम, ओन्ली मदर." मग मी सगळ्यांना दटावून आडनावाची सवय लावली.

म्हातारी आई थोरल्याकडे. दर उन्हाळ्यात हे तिच्यासाठी खजुराचा डबा आणायचे आणि भावाला फोन करायचे. भाऊ म्हणायचा, यंदा नको, घरात अडचण आहे. मी चिडायचे. आईला भेटायला कसली आलीय परवानगी? तुम्हीच सांगा!

"हाउस, हिज," एवढंच त्यांचं उत्तर.

जळलं मेलं ते घर! खजूर शेवटी आम्हीच खायचो.

एका वर्षी मी हट्टानं त्यांना तिकीट काढायला लावलं. निघायच्या आठवड्यात भावाचा फोन आला, मीच जोडून दिला. ते उठून उभे राहिले आणि रिसीव्हर कानाला लावून कमरेत वाकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "मदर, खलास. लास्ट वीक."

आईला जाळून झाल्यावर कळवलं त्या थोरल्यानं! आणि हे त्याला वाकून नमस्कार करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "टुडे, ओल्ड नेम. प्लीज, यू से."

"मिस्टर साबुरो," मी म्हणाले.

"नो मिस्टर."

मग जेवायला हाक मारावी तसं मी नुसतं "साबुरो" म्हटलं. त्यांनी बोटं वर केली नाहीत. डबा माझ्यापुढे ठेवला आणि गेले.

महिन्याभरात व्हिसा कॅन्सल करून ते निघून गेले. कुठे, कुणालाच माहीत नाही. घरी नाही, एवढं नक्की.